पाहुणा यावा, पण घरच्यांसोबत वाजवायला

दिवाळी सरली की कोकणात कार्यक्रमांचे दिवस येतात. जत्रा, दशावतार, आणि त्यांच्या जोडीला गावोगावचे संगीत महोत्सव. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कल भरवतं तो महोत्सव असो किंवा कणकवलीत वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठानचे कार्यक्रम असोत, या मंडळींनी वर्षानुवर्षं खटपट करून इथे ऐकणारा माणूस तयार केला. पुण्या-मुंबईला न जाता मोठा कलाकार समोर बसून ऐकण्याचं सुख आमच्या आधीच्या पिढीला क्वचितच मिळालं. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते महोत्सवांविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझं म्हणणं महोत्सव संपल्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे. कलाकार सकाळच्या गाडीने परत जातो, मांडव उतरतो, गाद्या-तक्के ज्याचे त्याला पोचते होतात. त्यानंतर वर्षभर इथलं संगीत कोणाच्या जिवावर चालतं? इथेच राहणाऱ्या, इथेच शिकवणाऱ्या शिक्षकांच्या. आणि नेमकं त्यांनाच आपण कधी ऐकत नाही. संगीतासाठी जो सार्वजनिक पैसा उभा राहतो, मग तो नगरपरिषदेचा असो, जिल्हा नियोजनाचा असो की देणगीदारांचा, त्यातला ठरावीक वाटा या निवासी शिक्षकांच्या लहान बैठकांसाठी राखून ठेवला पाहिजे. पाहुणा कलाकारही यावा, पण त्यानं चार दिवस राहावं, या शिक्षकांसोबत तालीम करावी आणि त्यांच्या बरोबरीने वाजवावं. ही मागणी मी पूर्ण विचारानं करतो आहे, कारण ती मान्य झाली नाही तर आणखी वीस वर्षांनी कोकणात ऐकणारे असतील, वाजवणारे नसतील.

आमच्याकडच्या एखाद्या तबल्याच्या किंवा व्हायोलिनच्या शिक्षकाचा दिवस जवळून बघा. सकाळी एखाद्या शाळेत तासिका. दुपारी दुसऱ्या गावात. संध्याकाळी घरच्या पडवीत किंवा देवळाशेजारच्या खोलीत क्लास. शनिवार-रविवार तिसऱ्याच गावाला, स्कूटरच्या पुढ्यात डग्गा ठेवून. सहावीतला मुलगा समोर बसलेला असतो, 'धाधा तिट धाधा तूना' घोटत. त्याच्या मागोमाग दुसरा, तोच कायदा म्हणजे घोटायची तीच बोलरचना, त्याच लयीत. शिक्षक प्रत्येकाबरोबर तेच वाजवतो. वर्षातून दोनदा परीक्षांचं सत्र येतं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या. अर्ज भरा, फी गोळा करा, केंद्रावर मुलं घेऊन जा, साथीला स्वतःच बसा. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून क्लासची गर्दी वाढली हे खरं, आणि त्यातली काही मुलं गुणांसाठी आली तरी सुरात रमली हेही खरं. पण या सगळ्या धबडग्यात शिक्षकाचा स्वतःचा रियाज संपतो. दिवसभर संथ लयीत कायदा शिकवणारा हात रात्री साडेनऊला जलद बोलांचा रेला वाजवायला तयार होत नाही.

याला तो माणूस जबाबदार नाही. आपण शिक्षकाचं पदच असं घडवलं आहे की त्यात वाजवणं बसतच नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची काढून बघा. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरपेक्षा जास्त मुलं असतील, तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमावेत, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे कायद्यालाही कलाशिक्षक दिसतो तो काही तासांपुरता. त्याच्या कलावंत असण्याला पगारपत्रकात रकाना नाही. समाजानंही तेच धरून ठेवलं. 'ते आपले क्लासवाले' असं म्हणून आपण माणूस बाजूला करतो, आणि त्यानं कधी मंचावर एकल वादन केलं तर पालक आपल्या मुलाचं नाव पुकारलं जाईपर्यंत थांबतात आणि उठून जातात.

याच्या उलट काय घडू शकतं ते मी एकदा पणजीत पाहिलं. जुन्या वस्तीतल्या एका घराचा दिवाणखाना होता. लाकडी जमीन, उंच छत, रस्त्याकडच्या खिडक्या उघड्या. पाच वादक. पियानो, व्हायोलिन आणि व्हायोला वाजवणारे तिघे गोव्यातच राहून मुलांना शिकवणारे. चेलो आणि डबल बास वाजवायला दोन पाहुणे आलेले. माइक नाही, निवेदक नाही, हातानं ताल दाखवणारा संचालक नाही. समोर खुर्च्यांच्या चार-पाच रांगा, आणि पहिल्या रांगेच्याही पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली मुलं, जी एरवी याच शिक्षकांकडे धडे गिरवतात. वाजवायला घेतलं होतं ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचं 'ट्राउट' पंचक, म्हणजे पाच वाद्यांसाठीची रचना.

या रचनेत एक गोष्ट अशी आहे की ती ऐकताना शिक्षक-पाहुणा हा भेद आपोआप पुसला जातो. चौथ्या भागात शूबर्टनं स्वतःच्याच एका गाण्याची चाल घेतली आहे. आधी ती फक्त तंतुवाद्यं वाजवतात, पियानो गप्प असतो. मग ती चाल एकेका वाद्याकडे फिरते. एका आवर्तनात ती व्हायोलाकडे येते आणि व्हायोलिन तिच्यावरून भराभर धावत जातं. व्हायोला वाजवणाऱ्या बाईंनी त्या क्षणी मान किंचित वर केली, चेलोवाल्या पाहुण्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि चाल उचलली. पाहुण्यानं आपला आवाज इतका खाली आणला की जमिनीवरच्या मुलांना बाईंच्या गजाची सळसळसुद्धा ऐकू आली असेल. बाई थोड्या घाबरलेल्या होत्या, ते दिसत होतं. मुलांना ते दिसावं हेच तर हवं. रोज आपली चूक काढणारा माणूस स्वतः पणाला लागतो, सावरतो आणि सुंदर वाजवतो, हे पाहिलेलं मूल पुढच्या धड्याला वेगळ्या मनानं बसतं. पाहुण्याचं वादन कितीही थोर असलं तरी मुलाला ते आकाशातलं वाटतं. आपल्या बाईंचं वादन त्याला स्वतःच्या आवाक्यातलं वाटतं.

ही रचना जन्मली तीही अशाच घरासाठी. १८१९च्या उन्हाळ्यात शूबर्ट ऑस्ट्रियातल्या श्टायर या लहानशा गावात पाहुणा म्हणून गेला होता. तिथे सिल्व्हेस्टर पाउमगार्टनर नावाचा एक संगीतवेडा गृहस्थ होता, हौसेनं चेलो वाजवायचा, घरी बैठका भरवायचा. त्याच्या सुचवण्यावरून हे पंचक लिहिलं गेलं. ते छापलं गेलं १८२९ साली, शूबर्ट गेल्यानंतर. मोठ्या शहरातल्या मोठ्या सभागृहाची त्याला गरज पडली नव्हती. एक घर, एक हौशी यजमान, एक पाहुणा आणि वाजवणारे चार-पाच जण एवढ्यावर ते उभं राहिलं.

ज्याला पाश्चात्त्य लोक चेंबर म्युझिक म्हणतात त्याचा सगळा पाया हाच आहे. एका भागाला एकच वादक. चूक लपवायला शेजारी कोणी नाही. हात दाखवणारा संचालक नाही, त्यामुळे एकमेकांचं ऐकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपली बैठक यापेक्षा फार वेगळी नाही. तंबोरे, तबला, हार्मोनियम आणि गायक, समोर हाताच्या अंतरावर श्रोते. कोकणातल्या जुन्या घरांच्या माजघरात किंवा देवळाच्या सभामंडपात असं गाणं व्हायचं. जांभ्याच्या भिंती, लाकडी माळा, सारवलेली जमीन, दाटीवाटीनं बसलेली माणसं. अशा जागेत आवाज घुमत नाही, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, शेवटच्या माणसापर्यंत सरळ जाते. आज आपण चकचकीत फरशीचं, पत्र्याच्या छपराचं सभागृह बांधतो, त्यात आवाज घुमायला लागला की ध्वनिक्षेपक वाढवतो, आणि मग तबला किती मोठा ऐकू यावा हे तबलजी ठरवत नाही, खालच्या टेबलावरचा माणूस ठरवतो.

मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह किंवा रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह नसावं असं कोण म्हणेल? हा नाटकवेड्यांचा मुलूख आहे, इथे नाट्यगृहं हवीतच, आहेत ती नीट राखलीही पाहिजेत. पण शेकडो खुर्च्यांच्या नाट्यगृहात तीन वादकांना बसवून ऐंशी माणसांनी ऐकायचं, यात वाजवणाऱ्याचाही जीव जातो आणि ऐकणाऱ्याचाही. प्रत्येक तालुक्याला आणखी एक मोठं सभागृह देण्यापेक्षा शंभर माणसांची, न घुमणारी, माइकशिवाय ऐकू येणारी एक खोली द्यावी. तिचा खर्च कमी, वीज कमी, देखभाल कमी. आणि सत्तर माणसं आली तरी ती भरलेली दिसते.

या किनाऱ्यानं कलावंत कमी दिले असं कोणी म्हणू शकत नाही. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी, बोरीचे हार्मोनियमवादक तुळशीदास बोरकर. सावंतवाडी संस्थानातून निघालेले रामकृष्णबुवा वझे शिकण्यासाठी थेट ग्वाल्हेरला पोचले. कुमार गंधर्वांना साथ करणारे वसंतराव आचरेकर आमच्या कणकवलीचे. पाश्चात्त्य संगीतातही तेच. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद उभा केला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन यांचे संगीत संयोजक सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातली ठळक नावं. ही सगळी माणसं घडली इथल्या मातीत, पण पोट भरायला आणि नाव मिळवायला त्यांना बाहेर जावंच लागलं. नाटक कंपन्या बाहेर, ध्वनिमुद्रिका बाहेर, नभोवाणी बाहेर, आश्रयदाते बाहेर. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. आज कोकण रेल्वे आहे, रस्ते आहेत, घरबसल्या जगभरचं ऐकता येतं. तरीही वाजवायचं असेल तर मुंबई गाठ, हाच सल्ला आपण हुशार मुलाला देतो. का? तर इथे राहून वाजवणारा एकही माणूस त्या मुलानं सन्मानानं जगताना पाहिलेला नाही.

निवासी कलावंताची किंमत काय असते याचं सर्वांत मोठं उदाहरण हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराचं आहे. १७६१ साली तो एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत आला आणि सुमारे तीस वर्षं तिथल्याच वादकांबरोबर राहिला. कोणाचा हात कुठे चालतो, कोणाला कुठला सूर जड जातो, हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यांच्यासाठी तो लिहू शकला. चार तंतुवाद्यांसाठीची त्याची अनेक चतुष्कं या काळातली. त्या घराण्याचा राजपुत्र बॅरिटोन नावाचं अवघड तंतुवाद्य वाजवायचा, तर त्याच्यासाठी हायडननं शंभराहून जास्त त्रिकं लिहिली. दरबारी चाकरीचं कौतुक मला करायचं नाही, ती गुलामीच होती. माझा रोख एकाच जागी, एकमेकांसोबत, वर्षानुवर्षं वाजवण्याकडे आहे.

आपल्या काळातलं उदाहरण मुंबईतच आहे, आणि मुंबई महसुली नकाशावर कोकणातच येते. एनसीपीए या कलासंस्थेनं २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. त्याचा कणा म्हणजे तिथे राहणारे थोडे वादक. मोठ्या हंगामात बाहेरचे वादक येऊन त्यांना मिळतात. राहणारे वादक मुलांना शिकवतात आणि लहान संचात चेंबर म्युझिकही वाजवतात. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या मार्लबरोला १९५१पासून दर उन्हाळ्यात मुरलेले आणि तरुण वादक एकत्र राहतात, आठवडेच्या आठवडे एकेका रचनेची तालीम करतात, आणि जेवढ्या रचनांची तालीम होते त्यातल्या थोड्याच लोकांसमोर वाजवल्या जातात. तालीम हाच तिथला मुख्य कार्यक्रम. गोव्यात कला अकादमीची कांपाल येथील चार्ल्स कोरियांनी रचलेली वास्तू आठवा. भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण विभाग आणि दीनानाथ मंगेशकर कलामंदिर हे नाट्यगृह एकाच आवारात आहे. शिकवायची खोली आणि वाजवायचा मंच यांच्यात एका जिन्याचं अंतर असावं, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात ती लहान प्रमाणावर का आणू नये?

आमच्याकडे पाहुण्या कलाकाराची आणि स्थानिक साथीदाराची भेट बहुधा कार्यक्रमाआधी तासभर होते. चहा, पट्टी कुठली, साधारण काय घेणार, बस्स. हिंदुस्थानी संगीतात आयत्या वेळची देवघेव हे वैभव आहे, हे मला मान्य आहे. पण ती देवघेव फुलते ती बरोबरीच्या, एकमेकांना ओळखणाऱ्या कलावंतांत. ज्याला वर्षातून एकदा अशी संधी मिळते तो तबलजी त्या तासाभरात एवढंच ठरवतो की आज आपल्याकडून काही बिघडता कामा नये. मग तो ठेका धरून बसतो. श्रोते म्हणतात, साथ जेमतेमच होती. पुढच्या वर्षी आयोजक पाहुण्याबरोबर त्याचा तबलजीही बोलावतात आणि स्थानिक माणसाचं दार बंद होतं. हे चक्र तोडायला तालमीचे तीन दिवस पुरतात. पाहुण्यानं पहिल्या दिवशी नुसतं ऐकावं. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून एक राग, एक ताल घोळून घ्यावा. तिसऱ्या दिवशी मुलांना खोलीत बसू द्यावं, म्हणजे मोठी माणसंही अडतात, मागे जातात, पुन्हा धरतात, हे त्यांना कळेल.

राहण्याचं दुसरं कारण आमची हवा आहे. कोरड्या हवेतून आलेलं वाद्य या खाऱ्या, दमट वाऱ्यात आलं की रुसतं. तबल्याची पुडी ढिली पडते, सूर उतरतो. व्हायोलिनच्या गजाचे केस सैलावतात, खुंट्या फुगून घट्ट बसतात, तारा सारख्या हलतात. तंबोऱ्याची जवारी सकाळी लावली तशी संध्याकाळी राहत नाही. संध्याकाळी येऊन रात्री वाजवणाऱ्याला हे सगळं मंचावरच निस्तरावं लागतं. वाद्यालाही एक-दोन दिवस इथली हवा अंगी लागू द्यावी लागते, आणि इथला शिक्षक हे शास्त्र कोणाही पाहुण्यापेक्षा जास्त जाणतो. पावसाळ्यात तर रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर पाहुण्यांचे कार्यक्रम जवळपास थांबतात. त्या चार महिन्यांत संगीत हवं असेल तर ते घरच्यांकडूनच मिळेल. कौलारू छपराखाली पावसाच्या साथीनं मल्हार ऐकायला जागा आहे, वाजवणारे आहेत, फक्त त्यांना कोणी बोलावत नाही.

आणि घरचे म्हणजे फक्त परीक्षा दिलेले शिक्षक असं मी धरत नाही. सिंधुदुर्गातल्या डबलबारी भजनाला, म्हणजे दोन बुवांच्या भजनसामन्याला, जाऊन पखवाजियाकडे बघा. बारी सुरू होण्याआधी तो भिजवलेली कणीक डाव्या तोंडावर थापतो. थाप मारतो, ऐकतो, चिमूटभर कणीक काढतो, पुन्हा थाप मारतो, पुन्हा कडेला थोडी लावतो. बुवांनी पेटीवर सूर धरलेला असतो. डाव्याचा खर्ज त्या सुराला मिळाला की तो मान हलवतो आणि हात पुसतो. पुढचे तीन-चार तास तो ज्या ताकदीनं वाजवतो, ती ताकद संगीत सभांच्या मंचावर मला फार थोड्या वेळा दिसली. पण हा माणूस शास्त्रीय मैफलीला श्रोता म्हणूनही आमंत्रित नसतो. एखाद्या ध्रुपद गायकानं चार दिवस कुडाळ-मालवणात राहून अशा पखवाजियाबरोबर धमार बसवला, तर दोघांच्याही पदरात काही पडेल. पखवाजियाला धमाराची शिस्त मिळेल. गायकाला जे मिळेल ते कदाचित जास्त मोठं असेल.

पाहुणा आणि घरचा यांनी एकत्र उभं राहायची रीत आम्हाला नवीन नाही. श्रावणातल्या भजनी सप्ताहात देवळात अखंड पहारा चालतो. वाड्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. बाहेरगावची मंडळं येतात, त्यांचं चहापाणी, जेवणखाण गाव करतो, आणि ती मंडळं गावच्या मंडळाबरोबर टाळ घेऊन उभी राहतात. गावच्या मंडळाला खाली बसवून फक्त पाहुण्यांनी भजन करावं, असं तिथे कोणाच्या मनातही येत नाही.

आता आक्षेप. नाव नसेल तर लोक येत नाहीत, असं आयोजक सांगतात, आणि ते त्यांच्या अनुभवातून सांगतात. पहिल्या चार बैठकांना चाळीस माणसं येतील, त्यातली निम्मी विद्यार्थ्यांच्या घरची. येऊ देत. खोली लहान ठेवायची ती याचसाठी. तिकीट ठेवावं, अगदी थोडं का होईना, कारण फुकट ऐकलेल्या शिक्षकाला लोक फुकटाच समजतात. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: शिक्षकांचा दर्जा तेवढा नाही. काही जणांचा नाही, हे मीही म्हणतो. दोन परीक्षा देऊन क्लास थाटलेली माणसंही आहेत, आणि त्यांना फक्त स्थानिक म्हणून मंचावर बसवणं श्रोत्यांवर अन्याय होईल. म्हणून निवड ऐकून व्हावी, शिफारशीवरून होऊ नये. निवडणारे जिल्ह्याबाहेरचे जाणकार असावेत, म्हणजे नातीगोती आणि गावकीतले हेवेदावे आड येणार नाहीत. पण दर्जा येतो तो मंचावर येऊनच. वर्षानुवर्षं मंच नाकारायचा आणि मग तयारी नाही म्हणून बोट दाखवायचं, हे योग्य नाही. सहा महिन्यांनी आपल्याला पाहुण्याबरोबर बसायचं आहे एवढं कळलं तरी माणूस पहाटे उठून रियाजाला लागतो. याला स्नेहसंमेलनाचं रूप मात्र येऊ देऊ नये. हारतुरे, सत्कार, पुढाऱ्यांची भाषणं आणि मग उरलेल्या वेळात वादन, असं होणार असेल तर ते न केलेलं बरं.

जागेचा प्रश्न तर आजच सुटण्यासारखा आहे. कोकणातल्या गावांना जुनी ग्रंथालयं आहेत. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर, अशी पिढ्यान्‌पिढ्या चाललेली घरं आहेत. पुस्तकांची कपाटं भिंतीला लागलेली असली की खोली घुमत नाही, हा त्यांचा वेगळाच फायदा. संध्याकाळी सातनंतर अशी दालनं महिन्यातून एकदा बैठकीला मिळाली तरी सुरुवात होते.

राहिला पैसा. माइक, दिवे, मांडव आणि फलक यांवरचा खर्च गेला की लहान बैठकीत उरतात तीनच बाबी: पाहुण्याचं मानधन, त्याचा चार दिवसांचा मुक्काम आणि शिक्षकाचं मानधन. मुक्कामाची सोय एखाद्या रसिकाच्या घरी होऊ शकते, कोकणात पाहुण्याला घर मिळत नाही असं कधी होत नाही. शिक्षकाचं मानधन मात्र नारळ आणि शालीवर भागवायचं नाही. ते रकमेत द्यायचं, आधी ठरवून द्यायचं, आणि पाहुण्याच्या मानधनाइतकं नसलं तरी त्याच्या शेजारी लिहिताना लाज वाटणार नाही एवढं द्यायचं. शाळेत तासिका घेणाऱ्याचं त्या दिवसांचं मानधन शाळेनं कापू नये, तसा आदेश जिल्हा परिषदेला काढता येईल. तालमीच्या दिवसांत त्याचा क्लास बंद राहील. त्या दिवसांची फी पालकांनी मागे मागू नये, आणि मुलांना क्लासच्या वेळी तालमीच्या खोलीत पाठवावं.